वणव्याच्या नोकरीविषयी आई-बाबांस

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नोकरीची बातमी फोनवर सांगितली तेव्हा तुम्ही दोघेही गप्प झालात. मग बाबांनी विचारले, "वेल्डिंग शिकायला गेलेली मुलगी वणवे विझवायला कशी निघाली?" आईने एवढेच विचारले, "आग अंगावर आली तर निघायला वाट असते का?" घाईघाईत दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, वेल्डिंगचे प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळाले आहे. आमच्या संस्थेत कोणत्याही ट्रेडच्या मुलामुलींना वणवा-नियंत्रणाचे प्रशिक्षण जोडीने घेता येते. मोकळ्या हवेत काम करायला मिळेल एवढ्याच विचाराने मी त्यात नाव घातले होते, पण पहिल्याच वर्गात माझे मन त्यात गुंतले. निदेशकांनी एक काडी पेटवून सरळ उभी धरली, तेव्हा ती सावकाश जळत राहिली. दुसरी काडी त्यांनी पेटते टोक खाली करून धरली, तर ज्वाळा क्षणात काडीवर चढून त्यांच्या बोटांपर्यंत आली. डोंगरावर हेच घडते, असे ते म्हणाले. चढावर ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ येते, पेटण्याआधीच त्याला तापवून वाळवते, आणि त्यामुळे सपाटीवर माणसाच्या चालीने सरकणारी आग चढाला लागताच माणसाला मागे टाकते. आगीला अशी कारणे असतात, ती वाचता येतात आणि त्यावरून तिचे पुढचे पाऊल ओळखता येते, हे तोवर माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

आपण सर्वजण समजतो तसे हे पाणी मारण्याचे काम फारसे नाही, कारण डोंगरकपारीत हवे तेवढे पाणी न्यायचे कसे? आगीला उष्णता, प्राणवायू आणि इंधन या तीन गोष्टी लागतात, आणि जंगलात माणसाच्या हाताने काढून घेता येण्यासारखे असते ते मुख्यत्वे इंधनच. म्हणून आम्ही आगीच्या वाटेत जाळरेषा काढतो. एका ओळीत चालत पहिला झुडपे तोडतो, मागचा मुळे छाटतो, त्याच्या मागचा पालापाचोळा खरवडतो, आणि शेवटच्या माणसाच्या मागे निखळ मातीचा पट्टा उरतो. रेषेखाली एखादे मूळ राहिले तर आग त्यातून धुमसत पलीकडे निघते, म्हणून या कामात घाई चालत नाही. माझ्या हातात असते ते अवजार एका बाजूने कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूने कुदळीसारखे आडवे पाते असे आहे. अमेरिकेत 1910 साली आयडाहो आणि माँटाना भागात महावणवा पेटला, तेव्हा आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यांतील बहुतेकांचे प्राण वाचवणारे वनाधिकारी एडवर्ड पुलास्की यांच्या नावानेच ते ओळखले जाते.

ज्वाळा दिसेनाशा झाल्यावरचे काम मला सर्वांत आवडते, जरी ते सर्वांत कंटाळवाणे मानले जाते. हातमोजा काढून तळहाताची मागची बाजू राखेच्या अगदी जवळून फिरवत जायचे, जिथे ऊब जाणवेल तिथे खणायचे, निखारा मातीत कालवायचा आणि जागा थंड झाली की पुढे सरकायचे. या कामात कसर राहिली तर दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटताच सगळी मेहनत वाया जाते.

आता आई, तुझा प्रश्न. तू जे विचारलेस तेच आम्ही कामाला हात लावण्यापूर्वी विचारतो. 5 ऑगस्ट 1949 रोजी माँटानातील मान गल्च येथे खालून आलेल्या आगीने गवताळ चढावर वणवा विझवायला गेलेल्या 13 जणांचा बळी घेतला. पथकप्रमुख वॅग्नर डॉज यांनी पुढचे गवत स्वतः पेटवून दिले आणि त्या जळलेल्या जागेत ते पालथे पडून राहिले, म्हणून ते वाचले. अशा दुर्घटनांचा अभ्यास करून 1957 साली तिथे वणवा विझवणाऱ्यांसाठी दहा स्थायी आदेश, म्हणजे कायम पाळायचे नियम, तयार करण्यात आले, आणि 1991 मध्ये पॉल ग्लीसन या तिथल्याच अनुभवी वणवा-विझवणाऱ्यांनी त्यांचे सार चार गोष्टींत मांडले: टेहळणी, संपर्क, निसटण्याची वाट आणि सुरक्षित जागा. आमच्यातला एक अनुभवी माणूस उंचावर उभा राहून केवळ आगीवर आणि वाऱ्यावर नजर ठेवतो, ठरावीक वेळाने हवेतील आर्द्रता मोजतो आणि रेडिओवरून कळवतो. निसटायच्या वाटा किमान दोन असाव्यात, त्या प्रत्येकाला पाठ असाव्यात, आणि शक्य तेव्हा जळून काळ्या झालेल्या भागाला लागूनच काम करावे, कारण तिथे पुन्हा पेटण्यासारखे काही उरलेले नसते. या चारपैकी एक जरी गोष्ट नसेल तर नवख्या माणसालाही "मी पुढे जाणार नाही" असे सांगण्याचा हक्क आहे, आणि प्रमुखाला ते ऐकून घ्यावेच लागते.

तरीही धोका नाही असे मी लिहिणार नाही, तुम्हाला ते पटणारही नाही. या कामात केवळ ज्वाळांमुळेच नव्हे, तर जळक्या झाडांच्या पडण्याने, वाहनांच्या अपघातांत आणि हृदयविकाराच्या झटक्यानेही माणसे जातात. म्हणून तर सुमारे 20 किलो वजन पाठीवर घेऊन 4.8 किलोमीटर अंतर 45 मिनिटांत, न धावता, चालत पूर्ण करण्याची परीक्षा आधी घेतली जाते. ती मी उत्तीर्ण झाले आहे. डोक्यावर शिरस्त्राण, पायात उंच चामडी बूट आणि अंगावर ज्वालारोधक कापड असते. आत घालायचे कपडेसुद्धा सुती किंवा लोकरीचे लागतात, कारण कृत्रिम धागा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो.

हंगाम संपल्यावर काय, असेही बाबा विचारतीलच. तेव्हा अवजारांची दुरुस्ती असते, त्यात माझे वेल्डिंग कामी येईल, आणि थंड, दमट दिवस पाहून वाळलेला पाला मुद्दाम जाळण्याचे नियोजित काम असते, ज्यामुळे पुढच्या उन्हाळ्यातील आगीला खाद्य कमी मिळते. पुढे टेहळणी आणि पथकप्रमुखपदाचे अभ्यासक्रमही आहेत. मला तेही करायचे आहेत, कारण इतके मन लावून मी आजवर दुसरे काहीच शिकलेले नाही.

आम्ही जंगलात असताना फोन लागणार नाही, काही वेळा लागोपाठ कित्येक दिवस. त्याचा अर्थ वाईट घेऊ नका. आणीबाणीच्या प्रसंगी कळवण्यासाठी मी बाबांचे नाव आणि क्रमांक दिला आहे. पुढच्या सोमवारी कार्यालयातून केवळ खात्री करण्यासाठी एक फोन येईल, तेव्हा अनोळखी क्रमांक असला तरी तो उचलावा, आणि आणखी काही विचारायचे असेल तर त्यांनाच मोकळेपणाने विचारावे.

तुमची लेक