त्रास नाही म्हणतोस, म्हणून लिहितोय

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "साखर थोडी वरच असते, पण मला काही त्रास नाही." फोन ठेवला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. बाबांनाही मधुमेह होता आणि त्यांच्या तोंडून अगदी हेच मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

त्यांच्या बुटाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका संध्याकाळी ते बाहेरून आले, बूट काढला, तर मोजा तळव्याला चिकटलेला. त्यावर वाळलेल्या रक्ताचा रुपयाएवढा डाग. मी बुटात हात घालून चाचपलं, तर तळातून वर आलेल्या खिळ्याचं टोक बोटाला टचकन टोचलं. मला लागलीच कळलं. ते दिवसभर त्याच खिळ्यावर चालले आणि त्यांना पत्ताच नव्हता. जखम चिघळत गेली आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. पाय दुखत नाहीत म्हणजे पाय ठणठणीत, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात पायातल्या नसा बधिर झाल्या होत्या आणि रक्तपुरवठाही मंदावला होता. लागलंय हे कळायला वेदना हवी, भरून यायला रक्त हवं. त्यांच्याकडे दोन्ही उरलं नव्हतं.

म्हणून तुझं "त्रास नाही" मला निर्धास्त करत नाही. डोळ्यांचंही असंच. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हा नजर बहुतेक वेळा चांगलीच असते. अंधूक दिसायला लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. टाइप २ मधुमेहात तर निदान होतं त्याच वेळी डोळे तपासायला सांगतात, कारण साखर आधीपासून किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं. तुझं निदान होऊन सहा वर्षं झाली. एकदा तरी दाखवलेस का डोळे?

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा, नॉर्मल आलं म्हणून तू खूश आहेस. पण ते वाढेपर्यंत किडनीची बरीच ताकद गेलेली असते. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागतं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. एकदा जास्त आलं तर लगेच घाबरू नकोस. ताप असला, अंगमेहनत जास्त झाली तरी ते चढतं. पुन्हा तपासून मगच ठरवतात.

आणि नुसत्या साखरेवर नजर ठेवून भागत नाही. १९९८ साली ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, सगळे टाइप २ चे रुग्ण. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सरासरी ७.९ टक्क्यांऐवजी ७ टक्क्यांवर ठेवलेल्यांमध्ये डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती चौथ्या हिश्शाने कमी झाल्या. त्याच अभ्यासात बीपी काटेकोरपणे आवरलेल्यांमध्ये पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. तुझं बीपी १५० च्या घरात, आणि गोळी आठवली तर घेतोस. हे मला साखरेइतकंच भीतीदायक वाटतं. शिवाय कोलेस्टेरॉल, आणि ती सिगारेट. मधुमेहाने आधीच अरुंद होत चाललेल्या रक्तवाहिन्यांवर तू रोज धूर सोडतोस रे. हृदयविकाराचा झटकासुद्धा मधुमेहात कधी कधी छातीत न दुखता येतो. नुसती धाप, घाम, गळून गेल्यासारखं होणं. असं झालं तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नकोस.

हे वाचून उद्यापासून स्वतःच गोळ्या वाढवशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तसं अजिबात करू नकोस. साखर ७० च्या खाली घसरली तर तो तातडीचा धोका. डोस डॉक्टरांनाच ठरवू दे.

आज रात्री एवढंच कर: झोपण्याआधी दिव्याखाली तळवे बघ, बोटांच्या बेचक्यासुद्धा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेव. आणि सकाळी बूट घालण्याआधी आत हात फिरव. मी अजून माझ्या बुटांतही फिरवतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे आणि मला कळव. बाहुल्या मोठ्या करायला थेंब घालतात, काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. गाडी मी चालवीन.

तुझाच,
अनिल