अपूर्णांकाच्या पट्ट्या आणि 'कुठे फसलं'चं पान

बाई, सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष गाठ कधी पडलेली नाही. ग्रुपवर अडीचशे शिक्षक, त्यातली मी एक, तीही बहुतेक वेळा गप्प बसणारी. त्यामुळे हे पत्र कुणाचं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. अपूर्णांकांच्या धड्यावर 'मुलांना समजतच नाहीये, काय करू?' असं रात्री साडेअकराला लिहून दहा मिनिटांनी तो मेसेज लाजून पुसून टाकणारी ती मी. तुम्ही तो पुसण्याआधी वाचला होतात.

तेव्हा माझ्या वर्गात १/४ हा १/३ पेक्षा मोठा होता. चार तीनपेक्षा मोठे, मग झालंच! छेद वाढला की तुकडा लहान होतो, हे मी फळ्यावर चार वेळा लिहून दिलं, मुलांनी चार वेळा उतरवून घेतलं आणि पाचव्यांदा तेच उत्तर दिलं. मी कागदाच्या पट्ट्याही करून पाहिल्या होत्या, पण २० सेंटिमीटरच्या. एकीचे तीन सारखे भाग करायला गेलं की फूटपट्टीवर ६.६६ शोधत बसायचं. अर्धा तास त्यातच गेला.

तुमची फाइल सकाळी ग्रुपवर आली. २४ सेंटिमीटरची पट्टी. दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, यातले कितीही भाग करा, कापायची जागा पूर्ण सेंटिमीटरवरच येते. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

पण खरे आभार मानायचे आहेत ते दुसऱ्या पानाचे. त्याच्या माथ्यावर तुम्ही लिहिलं होतं, 'कुठे फसलं'. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' चालू राहिलं आणि २४ ची पट्टी आखूड झाली. मुलांना रंगवायला दिलं तर तास रंगवण्यातच संपला, म्हणून रंगीत कागदच वापरा. पट्ट्यांची डावी टोकं एका रेषेत नसली तर मुलं भलतंच वाचतात, म्हणून खाली फूटपट्टी आडवी धरायला सांगा. या तिन्ही ठिकाणी मी हमखास ठेचकाळले असते.

आपण एकमेकांना पाठवतो त्या कृतिपत्रिका नेहमी झालेल्या लग्नाच्या फोटोंसारख्या असतात, सगळे हसरे. मांडव कुठे कोसळला ते कुणी सांगत नाही. कोसळल्याचं तुम्ही सांगितलंत, तेही अडीचशे लोकांसमोर, ज्यात तुमचे वरिष्ठही असतील.

त्या तासाला एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. अंशात अंश, छेदात छेद. मी काही बोलले नाही. तिने १२ सेंटिमीटरचा तुकडा ठेवला, त्याला ८ चा जोडला, २० झाले. मग २४ चे पाच भाग करू लागली. दोन भाग जेमतेम साडेनऊच्या पुढे जातात हे दिसल्यावर ती म्हणाली, "बाई, मिळवल्यावर कमी कसं झालं?" उत्तर मी दिलं नाही. पुढची दहा मिनिटं वर्गानेच भांडून काढली आणि वर्ग चार सेंटिमीटरच्या तुकड्यांवर येऊन थांबला: पाच तुकडे, म्हणजे ५/६.

एक कबुलीही द्यायची आहे. याआधी मी इतरांच्या कृतिपत्रिका खालचं नाव कापून पुढे पाठवलेल्या आहेत. वाईट हेतू नव्हता, नाव कशाला हवं एवढंच. तुमच्या फाइलच्या तळाशी होतं, 'वापरा, बदला, नाव राहू द्या, बदललेलं परत टाका.' आपलं काम इतरांना मोकळेपणी वापरू देणारे 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे काही परवाने २००२ पासून कायद्याच्या भाषेत साधारण हेच सांगत आले आहेत म्हणे. मला ते तुमच्या एका ओळीत कळलं. आता मीही नाव ठेवते. आणि मुलांच्या वह्यांचे फोटो टाकताना त्यांची नावं झाकते, हेही तुमचंच बघून.

तर 'परत टाका' म्हणालात म्हणून सोबत माझी फाइल जोडते आहे, दशांश अपूर्णांकांची. इथे २४ चालेना, म्हणून पट्टी १० सेंटिमीटरची केली, म्हणजे मिलिमीटरला शतांश मिळतो. दुसरं पानही लिहिलं आहे. त्यात एकच नोंद आहे: पट्टी समोर असते तोवर मुलं बरोबर सांगतात, ती उचलली की ०.३५ पुन्हा ०.४ पेक्षा मोठा होतो, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. यावर काय करायचं ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणाला सुचलं, तर कळवाल का? यावेळी मेसेज पुसणार नाही.

आपली,
ग्रुपवरची एक गप्प शिक्षिका