शब्दसंख्या नको, संदर्भ द्या

महोदय,
आमच्याकडच्या एका महाविद्यालयाने मुलांना प्रकल्प म्हणून मराठी विकिपीडियावर लेख लिहायला सांगितले. कल्पना उत्तमच, २००३ पासून चालू असलेल्या या ज्ञानकोशात मराठवाड्याविषयी अजून पुष्कळ लिहायचे राहिले आहे. पण माझ्या भाच्याचा आमच्याकडच्या तेर गावावरचा मजकूर दोन दिवसांत काढला गेला आणि पोरगं हिरमुसलं. पाहिले तर अर्धा भाग एका पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला, उरलेल्यात ‘जगप्रसिद्ध’, ‘अद्वितीय’ अशी विशेषणे. संदर्भ एकही नाही. काढणाऱ्याचे काय चुकले? तिथे प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग चालत नाही, स्वतःचे संशोधनही चालत नाही. जे लिहाल त्याला प्रकाशित आधार हवा. हे मुलांना कोणी सांगितलेच नव्हते, शब्दसंख्या तेवढी सांगितली होती!

प्राध्यापकांनी आधी स्वतः दहा-वीस संपादने करून पाहावीत. मुलांना धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, कच्चे लिहू द्यावे, ग्रंथालयात बसवावे आणि गुण संदर्भांना द्यावेत. भाचा आता पुन्हा बसला आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, एवढेच एक वाक्य, पण पुस्तकाच्या पान क्रमांकासह.

– एक वाचक, धाराशिव