बलक टाकलास, पण गोळी का टाकलीस?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. स्टेंटनंतर चालणं सुरू केलंस, सिगारेट सुटली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण सबंध पत्र अंड्यावर लिहिलंस आणि "मांड्या दुखायच्या म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सध्या बंद ठेवलीय, तसाही बलक सोडलाच आहे" हे मात्र जाता जाता एका ओळीत उरकलंस. खरं सांगू? मला धास्ती त्या ओळीची वाटते. तिच्याकडे येतोच, आधी तू विचारलंस त्याबद्दल, म्हणजे हृदयाचा आजार असताना बलकासकट अंडं चालतं का, याबद्दल.

एका मोठ्या अंड्यात साधारण 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं पिवळ्या बलकात. पांढऱ्यात काहीच नाही. अंडं बदनाम झालं ते या आकड्यापायी, आणि त्यामागे एक जुना प्रयोगही आहे. 1913 साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना तेलात मिसळलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत थर साचल्याचं दाखवलं. प्रयोग चोख होता, पण ससा पडला शाकाहारी. त्याच्या रोजच्या खाण्यात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, त्यामुळे ते आलं की त्याचं शरीर गडबडतं. आपलं तसं नाही. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं आणि बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत स्वतःचं उत्पादन आवरतं घेतं. तरीही 1968 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला 300 मिलिग्रॅम आणि आठवड्याला तीन बलक अशी हद्द आखली, ती अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही.

2015 ते 2020 या काळासाठीच्या अमेरिकी सरकारच्या आहार-सूचनांतून 300 चा आकडा काढला गेला आणि "अंडं निर्दोष सुटलं" अशी बोंब झाली. त्याच सूचनांत पुढे, आहारातलं कोलेस्टेरॉल शक्य तेवढं कमीच असू द्या, असंही म्हटलं होतं. ते वाक्य कोणी वाचलंच नाही बहुधा.

तुला कोणीतरी रोज 25 अंडी खाणाऱ्या आजोबांची गोष्ट सांगितली म्हणालास. ती थाप नाही. 1991 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 88 वर्षांच्या गृहस्थांची हकिकत छापून आली होती. रोज 25 अंडी, तरी रक्तातलं कोलेस्टेरॉल नॉर्मल. तपासल्यावर कळलं की त्यांचं आतडं पोटात गेलेल्या कोलेस्टेरॉलपैकी जेमतेम 18 टक्के शोषून घेत होतं, इतरांचं जवळपास निम्मं शोषतं. शिवाय त्यांचं यकृत जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करून ते बाहेर टाकत होतं. म्हणजे आजोबांच्या शरीराची घडणच निराळी, आणि त्यांच्या उलट टोकाचीही माणसं असतात. दोन बलक खाल्ले की ज्यांचं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढतं, अशी. तू कुठे बसतोस हे तुझ्याकडे बघून सांगता येणार नाही, मलाही नाही आणि अंड्यांवर व्हिडिओ करणाऱ्यांनाही नाही.

आता तुझ्यासारख्या, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या माणसांबद्दल. अंड्यावरचे बहुतेक अभ्यास धडधाकट माणसांवरचे आहेत, ही खरी पंचाईत. 2015 मध्ये असा आजार असलेल्या 32 जणांना सहा आठवडे रोज सकाळी दोन अंडी देऊन पाहिलं. त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या प्रसरण पावण्याच्या क्षमतेवर किंवा कोलेस्टेरॉलवर वाईट परिणाम दिसला नाही. धीर देणारं आहे, पण माणसं 32 आणि काळ सहा आठवड्यांचा, तेवढ्यावर उड्या मारता येत नाहीत. 2020 मध्ये अनेक देशांतला एक मोठा अभ्यास आला. त्यात रक्तवाहिन्यांचा आजार असलेले 31 हजारांवर लोक होते, आणि त्यांच्यातही अंडी जास्त खाणं आणि हार्ट अटॅक किंवा मृत्यू यांचा ठळक संबंध आढळला नाही. उलट 2019 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 30 हजार लोकांच्या माहितीतून निघालं की रोज अर्धं अंडं वाढलं की हृदयविकाराचा धोका 6 टक्क्यांनी वाढतो. हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे. कोण अंड्याबरोबर लोण्यात परतलेला पाव आणि खारवलेलं मांस खातं नि कोण भाजी खातं, याचा गुंता त्यातून पुरता सुटत नाही. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत मात्र काही अभ्यासांत धोका जास्त दिसतो, आणि तुझी साखर काठावर आहे, हे विसरू नकोस.

मागे तुझ्याकडे नाश्त्याला बसलो होतो तेव्हा एक गोष्ट पाहिली होती. उकडलेलं अंडं दोन फाकी करून तू बलकाचा गोळा चमच्याने उचललास, बशीच्या कडेला सारलास, आणि मग पावावर बोटभर जाडीचं लोणी थापलंस. तेव्हा तुझ्या तोंडावर कमालीचं समाधान होतं म्हणून गप्प बसलो. बलकात संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी असते दीड ग्रॅमच्या आसपास. एक मोठा चमचा लोण्यात सात ग्रॅम. आणि रक्तातलं एलडीएल वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा या संपृक्त चरबीचा हात कितीतरी मोठा आहे. बलकाबरोबर ब12, ड जीवनसत्त्व आणि कोलीन नावाचं पोषकद्रव्यही कचऱ्यात गेलं, ते वेगळंच. (त्या कोलीनपासून आतड्यातले जंतू नि यकृत मिळून टीएमएओ नावाचं द्रव्य बनवतात आणि ते धमन्यांना वाईट असावं, असंही एक प्रकरण आहे. तो वाद मिटलेला नाही, तू त्यात पडू नकोस.)

आता गोळी बंद केल्याची ती ओळ. समज, गोळी नसताना तुझं एलडीएल 140 आहे. बलक पूर्ण सोडून ते किती उतरेल? बहुतेकांचं चार-सहा, फार तर दहा अंकांनी. ताकदीच्या डोसचं स्टॅटिन, म्हणजे तू बंद केलीस ती कोलेस्टेरॉलची गोळी, तेच निम्म्यावर, 70 च्या घरात आणतं. स्टेंट बसलेल्या माणसासाठी युरोपातले हृदयरोगतज्ज्ञ 55 च्या खाली जा म्हणतात, आणि तिथपर्यंत पोचायला गरज लागली तर इझेटिमाइब जोडतात. ही गोळी आतड्यातच कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, अंड्यातलंही आणि पित्तातून आतड्यात उतरणारंही. पित्तातून येणारं जेवणातल्यापेक्षा जास्त असतं, बरं का. म्हणजे तू नळाचं थेंबभर गळणं थांबवलंस आणि मागची मुख्य तोटी सताड उघडी टाकलीस.

मांड्या दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. काहींना खरंच होतं. पण त्यावर स्टॅटिन बदलता येतं, डोस कमी करता येतो, रक्तात सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य) तपासता येतं. हे सगळं डॉक्टरांनी करायचं, तू परस्पर नाही. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तरी चालू आहेत ना? त्या परस्पर थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

माझ्या मते क्रम असा ठेव. डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू कर, सहा-आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची) कर. एलडीएल जागेवर आलं असेल तर आठवड्यात तीन-चार अख्खी अंडी खायला माझी हरकत नाही, डॉक्टरांचीही नसावी. उकडून किंवा थोड्या तेलात, लोण्याशिवाय. दोनेक महिने तसं खाऊन पुन्हा रक्त तपास. चढलं तर तू त्या उलट्या टोकाचा, मग पांढऱ्यावर भागव. साखर काठ ओलांडून गेली असेल तर तीनाच्या आतच राहा. अंड्याची भूक बिस्किटांवर भागवणं मात्र आजच बंद, मैदा नि साखर तुझ्या ट्रायग्लिसराइडला, म्हणजे रक्तातल्या चरबीला, काय करतात ते रिपोर्टमध्ये दिसेलच.

वहिनींना नमस्कार सांग. आणि डॉक्टरांना फोन उद्याच कर, पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट बघू नकोस. काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझा,
विनू