जायची परवानगी दिली, वेळापत्रक राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्फोटानंतर मूल कुणाकडे राहावं, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण तो 'आई की बाप' इथेच थांबतो. तो प्रश्न कोर्टांनी माझ्या मते बऱ्यापैकी मार्गी लावला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, आणि कुठल्याही वयात मुलाचं हित सगळ्यात आधी. मूल कळतं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून त्याचं म्हणणं ऐकतात. मुलाची इच्छा विचारात घेण्याची सोय १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातसुद्धा आहे. खरी गोची पुढे होते. ज्याच्याकडे मूल आहे त्याला गाव सोडायची वेळ येते तेव्हा.

आमच्या घरचंच सांगतो. माझा मुलगा आणि सून काही वर्षांपूर्वी कायद्याने वेगळे झाले. (मी तिला अजून सूनबाईच म्हणतो, ती मला बाबा म्हणते. डिक्रीत त्याला मनाई नाही.) नातू तिच्याकडे. वडिलांनी भेटायचं ते पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, कोर्टाच्या आवारात. आवार म्हणजे टायपिस्टांच्या टेबलांमागचा सिमेंटचा बाक. एका बाजूला स्टॅम्पपेपरची रांग, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी जामिनाची धावपळ, आणि मधे हा पोरगा मांडीवर वही ठेवून वडिलांना भूगोलाचा नकाशा भरून दाखवतोय. पेन्सिलीचं टोक मोडलं की टायपिस्टकाकांकडून ब्लेड आणायचा. तरीही त्या दोन तासांना नेम होता. वार ठरलेला, वेळ ठरलेली, मी डबा घेऊन हजर.

मग सूनबाई बँकेत अधिकारी झाली आणि पोस्टिंग आलं नागपूरला. तिचं माहेर वर्ध्याचं, आई हाताशी येणार. माझा मुलगा भडकला. "मुद्दाम लांब नेतेय," म्हणाला आणि कोर्टात हरकत घेतली. त्याच्या तोंडावर बोललो तेच इथे लिहितो: बढती त्याला मिळाली असती आणि त्याला नागपूरला जावं लागलं असतं, तर कुठल्या कोर्टाने त्याला विचारलं असतं? ज्याच्याकडे मूल नाही तो उद्या गुवाहाटीला गेला तरी चालतं. जिच्याकडे आहे तिने मात्र परवानगी काढायची आणि नोकरी मोठी की पोर मोठं, ते सिद्ध करत बसायचं.

वरची कोर्टं याबाबतीत बरीच पुढे गेली आहेत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईला मुलाला ऑस्ट्रेलियाला न्यायची मुभा दिली, मुलाशी बोलून. २०२० मध्ये सिंगापूरला जाणाऱ्या आईला दिली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या एका आईला नऊ वर्षांच्या मुलीसह नोकरीसाठी पोलंडला जाऊ दिलं. सुट्टीत मुलीला इथे आणून वडिलांना भेटवायचं, ही अट घालून. मूल आणि नोकरी यांतलं एक निवडायची पाळी आईवर येऊ नये, असाच त्या निकालाचा रोख होता. मला तो पटतो. सूनबाईलाही परवानगी मिळाली, ते योग्यच झालं.

पण आदेशात ती का द्यावी याची पानंच्या पानं, आणि पुढे बापलेकाची भेट कशी व्हायची ते दोन ओळींत: दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा काळ वडिलांकडे, तारखा परस्परसंमतीने ठरवाव्यात. परस्परसंमतीने! या दोघांची संमती एवढी सहज जमत असती तर कोर्टाची पायरी कशाला चढले असते?

मी जन्मभर एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कुठे जाणार ते बोर्डावर लिहिलं आणि सुटायची वेळ लिहिली नाही, तर स्टँडवर काय होतं ते मी पाहिलंय. इथेही तेच झालं. पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठवडाभर उशिरा. मग 'अर्धी सुट्टी' कुठपर्यंत? माझ्या मुलाने एक तारीख धरली, सूनबाईने दुसरी. चार दिवसांच्या फरकावरून वकिलाची नोटीस आली. ती वाचायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी दोन्ही शाळांच्या सुट्ट्यांचा तक्ता मांडून दिला असता.

प्रवासाचंही तसंच. मिरज ते नागपूर महाराष्ट्र एक्स्प्रेसने जवळजवळ पूर्ण दिवस जातो. रेल्वेचं आरक्षण हल्ली फक्त ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीची तिकिटं बघता बघता वेटिंगवर जातात. पोरगा एकटा येऊ शकत नाही. आणायचं कुणी, सोडायचं कुणी, तिकिटं कुणाच्या पैशांनी, आदेश गप्प. बदल मागायचा तर अर्ज इथल्या कोर्टात की मूल आता राहतंय त्या नागपुरात, यावरच वकिलांच्या दोन तारखा गेल्या. आणि शनिवारचा जुना आदेश रद्द केलेला नव्हता, म्हणून माझा मुलगा सुरुवातीला त्या बाकावर जाऊन बसायचा, हजेरी लागावी म्हणून. लेकरू एव्हाना पार विदर्भात.

हे तपशील लिहिणं न्यायाधीशांचं काम नाही, असं कुणी म्हणेल. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की भेटीचं स्वरूप आणि तपशील कोर्टांनी नेमके ठरवून द्यावेत, आणि आईबाप लांब राहत असतील तर व्हिडिओ कॉलवर रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात मुलांच्या ताब्याच्या कायद्यात बदल सुचवले. ते तसेच पडून आहेत. पण आदेशात चार ओळी वाढवायला संसदेची वाट कशाला बघायची?

तेव्हा मागणी एवढीच. गाव सोडायची परवानगी देणाऱ्या प्रत्येक आदेशाला मुलाच्या नव्या शाळेच्या सुट्ट्यांचा तक्ता जोडावा. मूल कुठल्या तारखेला, कुठल्या स्टेशनवर, कुणी कुणाच्या हवाली करायचं ते लिहावं. फोनची वेळ लिहावी. गाडी चुकली किंवा पोराला ताप आला तर बुडालेले दिवस कधी भरून द्यायचे, तेही. आजी-आजोबांचा उल्लेख आला तर उत्तम. आम्ही पक्षकार नसतो, म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाही. आणि हे सगळं मूल निघण्याआधी व्हावं. कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, ते दोघांना समोर बसवून तासाभरात एवढं भरून घेऊ शकतील. उच्च न्यायालयाने त्यासाठी एक छापील नमुना काढावा. तो तयार करायला वेळापत्रकं जमणारा माणूस हवा असेल, तर मी रिकामाच आहे, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, मिरज
(नातू लहान आहे, म्हणून कृपया नाव छापू नये.)