नागपूरच्या बर्डी बाजारात चायनाच्या दिव्यांची माळ येते, मग घरात सून का नाही?

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

वर खात्याचं नाव घातलेलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या बायकोचा व्हिसाचा अर्ज परराष्ट्र खात्याकडे अडकला आहे की गृह खात्याकडे, हे तीन महिन्यांत मला कोणी सांगितलेलं नाही. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तेव्हा ज्या मंत्र्यांच्या टेबलावर ही फाइल असेल त्यांनी हे पत्र आपल्यालाच आहे असं समजावं. आम्ही नोकरीनिमित्त राहतो त्या देशाचंही नाव लिहीत नाही. तिथल्या व्हिसाच्या खिडकीवर मला अजून उभं राहायचं आहे.

गेल्या आठवड्यात नागपूरला धरमपेठेत आमच्या घरी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. माणूस एक्याऐंशीच्या घरात आला की त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असं आपण मानतो. मांडव घातला होता, वर्धा-यवतमाळहून सगळे आले होते. ओवाळायची वेळ झाली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "मोठ्या सूनबाई कुठे आहेत?" मागून कोणीतरी म्हणालं, "मोबाइलमध्ये." मांडव हसला. खरंच ती मोबाइलमध्ये होती. माझ्या भाचीने फोन निरांजनाच्या मागे उभा धरला होता आणि पलीकडे माझी बायको पहाटे उठून, कुंकू लावून, हातात ताट घेऊन पडद्याला ओवाळत होती. मध्येच चित्र गोठलं. ताट तिरकं, डोळे अर्धे मिटलेले, अशी ती चांगली पाच मिनिटं तशीच राहिली. वर्ध्याच्या काकूने मला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन रे, तिले सुटी नाही भेटली काय?" म्हटलं, काकू, सुटी भेटली, सरकार नाही भेटलं.

मी येताना विमानात शेजारची खुर्ची रिकामी होती. तिचे पैसे मीच भरले होते. अट्ठेचाळीस हजार रुपये. परतावा नाही. व्हिसाची फीही परत मिळत नाही, हे आपण जाणताच.

माझी बायको चिनी आहे. हे वाचून आपल्या भुवया वर गेल्या असतील, तर हरकत नाही, आमच्या गल्लीतल्याही गेल्या होत्या. आता गल्लीच्या भुवया खाली आल्या. गलवान मला माहीत आहे. 15 जून 2020 च्या त्या रात्री आपले 20 जवान गेले, आणि तेव्हा आमच्याच घरात सगळ्यात जास्त शांतता होती. सीमा उघडा असं मी म्हणत नाही. तिची चौकशी करा, तिच्या आजोबांपर्यंत करा. तसंही आपल्या ऑनलाइन अर्जात आईवडील-आजीआजोबांचा पाकिस्तानशी काही संबंध होता का, हा प्रश्न आहेच. तिने मला विचारलं होतं, "माझे आजोबा भात लावायचे, हे कुठल्या रकान्यात लिहू?" दिसणारी ओळखखूण, धर्म, गेल्या दहा वर्षांत पाहिलेले देश, घरात कोणी सैन्यात किंवा पोलिसात होतं का, भारतातल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता, सगळं तिने भरलं. धर्माच्या रकान्यात 'इतर'. दोन इंच बाय दोन इंच फोटो. एकदा पार्श्वभूमी पुरेशी पांढरी नव्हती म्हणून पुन्हा.

आणि आशा तुम्हीच लावलीत, साहेब. चिनी नागरिकांसाठी पर्यटक व्हिसा 24 जुलै 2025 पासून पुन्हा सुरू केलात. ऑक्टोबरात थेट विमानंही सुरू झाली. ती बातमी ऐकून बाबांनी शेजारी संत्रा बर्फी वाटली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अर्ज केला. ई-व्हिसाने ज्या विमानतळांवर उतरता येतं त्या यादीत आमचं नागपूर आहे, याचा मला केवढा अभिमान होता! पण चिनी पासपोर्टला 2015 मध्ये दिलेला ई-व्हिसा 2020 मध्ये बंद झाला, म्हणून आमच्या वाट्याला खिडकीच आली.

खिडकीवर पहिल्या दिवशी सांगितलं, नवरा भारतीय आहे, मग पर्यटक कसली? एंट्री व्हिसा मागा. आता पर्यटक व्हिसाच्या नियमात नातेवाइकांना भेटायला येणंही बसतं. बायको नातेवाइकात मोडते की नाही, एवढं एकदा खात्याने सांगून टाकावं, म्हणजे आमचे वाद मिटतील. बरं, एंट्री तर एंट्री. नवा अर्ज, नवी फी. मग कळलं की ती 'तिसऱ्या देशातली अर्जदार' आहे, कारण ती स्वतःच्या देशात राहत नाही. तिच्या मायदेशातल्या आपल्या वकिलातीकडे विचारणा जाणार, उत्तर येणार, मग पुढचं. उत्तर किती दिवसांत येतं? "सांगता येत नाही." साधारण? "साधारणही सांगता येत नाही."

यावर कळस म्हणजे तिसऱ्या फेरीत पत्र आलं : विवाह खरा असल्याचा पुरावा द्या. मंत्रिमहोदय, आमचं लग्न परदेशी विवाह कायदा 1969 खाली झालं. भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर, रीतसर नोटीस लावून, तीस दिवस थांबून. त्या कागदावर अशोकस्तंभाचा शिक्का आहे आणि सही तुमच्याच माणसाची आहे. त्याच इमारतीत, दोन मजले खाली, तोच कागद दाखवून मला सिद्ध करायचं आहे की माझं लग्न झालं. मी शेवटी लग्नाचे फोटो जोडले. एका फोटोत सही करणारे अधिकारी पेढा खाताना दिसतात. त्यावर काही शेरा आलेला नाही.

ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम ये-जा करू देणारं कार्ड, काढा, असा सल्ला हितचिंतक देतात. कायद्याप्रमाणे त्यासाठी लग्नाची नोंद होऊन सलग दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आमची चौदा महिने झाली आहेत. उरलेले दहा महिने बाबांनी चंद्र मोजत बसायचं का?

आता आकडे काढलेच आहेत तर ऐका. मी 37 मेल पाठवले. 29 ना यंत्राने उत्तर दिलं, "आपला मेल मिळाला". हेल्पलाइनवर जे संगीत ऐकलं ते जोडलं तर नागपूर-पुणे रेल्वेचा प्रवास सहज होईल. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपये भरले, तर तो पाच दिवसांत 'संबंधित प्राधिकरणाकडे वर्ग' झाला. एवढ्या वेगाने सरकारात फक्त जबाबदारी पुढे सरकते. आणि व्यापार? 2024-25 या एका वर्षात चीनमधून शंभर अब्ज डॉलरच्या वर माल आला. दिवाळीत बर्डीवर जा, फूटपाथ चायनाच्या माळांनी झगमगतो. माळेला कोणी विचारत नाही की तुझे आजोबा कोण. माझ्या खिशातला फोन, पोटाला टोचायचं बाबांचं साखर मोजायचं यंत्र... नाही, ते बोटाला टोचतात, रागात चुकलं... सगळं तिकडचं. माल आला की विकास, माणूस आला की संशय. तिच्या देशात नात्यागोत्यातल्या परदेशी माणसांसाठी 'क्यू' नावाचा वेगळा व्हिसा आहे. मला तो आठ दिवसांत मिळाला होता. सासूबाईंच्या हातचे मोमोसारखे ते लाडू खाऊन मी परतही आलो. तिकडच्या राजवटीचं कौतुक करायला मला मुळीच आवडत नाही, आणि तुम्ही ते करायला लावलंत, याचा राग वेगळाच आहे.

1938 मध्ये आपल्या देशाने चीनला पाच डॉक्टर पाठवले होते. त्यात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांनी तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच वारले. दोन्ही देशांचे पुढारी भेटले की अजून त्यांच्या नावाने हार घालतात, भाषणं करतात. त्या बाई पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या. आज त्यांनी अर्ज केला असता तर 'तुमचे पती सध्या कुठे राहतात' या रकान्याला काय लिहिलं असतं, असा एक काळा विचार मनात येतो.

मी केंद्राशी भांडतोय, पण खरं सांगतो, मला आता केंद्र, राज्य, महापालिका सगळं एकच वाटतं. नागपूर कराराची, म्हणजे विदर्भ महाराष्ट्रात आणतानाच्या समझोत्याची, आठवण म्हणून दरवर्षी हिवाळ्यात इथे अधिवेशन भरतं. आठवडा-दोन आठवडे गाड्यांचे ताफे, मोर्चे अडवायला बांबू, आणि परत जाताना संत्र्यांच्या पेट्या. राज्यात 2015 पासून सेवा हक्क कायदा आहे. दाखल्याला मुदत, उशीर झाला तर अपील. जातीचा दाखला किती दिवसांत मिळेल ते फलकावर लिहिलेलं असतं. नवराबायकोला एका विमानाने घरी यायला किती दिवस लागतील, त्याचा फलक देशात कुठेही नाही. बाबा रेल्वेत होते, चाळीस वर्षं. ते रागावत नाहीत, फक्त म्हणतात, "गाडी लेट झाली तर आम्ही बोर्डावर लिहायचो. नुसतं लेट नाही, किती लेट तेही लिहायचो. माणूस मग घरी जाऊन जेवून यायचा."

माझं मागणं तेवढंच आहे. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण तारीख लिहा. आणि लग्नाचा जो कागद तुम्हीच दिला तो पुन्हा मागू नका. आणखी दोन-तीन मागण्या लिहिणार होतो, पण आता त्यांचं टोक बोथट झालं आहे. परवा माझं परतीचं विमान आहे, पुन्हा एकट्याचं.

आपला,
अर्जदाराचा नवरा
धरमपेठ, नागपूर

ता. क. : आईने पत्र वाचलं. ती म्हणते, साडीचं लिहायचं राहिलं. लग्नाची बातमी कळली त्याच आठवड्यात तिने इतवारीतून सुनेसाठी साडी आणली होती. रेशीम एकाच घडीवर राहिलं तर तिथेच चिरतं, म्हणून ती दर महिन्याला कपाटातून काढून घडी बदलून ठेवते. आतापर्यंत तेरा वेळा बदलली आहे.