खोटं सांगितलं त्याबद्दल

मेसा, ॲरिझोना
रविवार, पहाटे

ती. आई-बाबा,
सा. न.

मागच्या रविवारी फोनवर मी म्हणाले की विमान शिकवायच्या इन्स्ट्रक्टरची माझी परीक्षा पुढे गेली. परीक्षा झाली होती आणि मी नापास झाले होते. आईचे गुडघे, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, या सगळ्यात सांगायची हिंमत झाली नाही. दादाला या पत्राचा फोटो पाठवतेय, तो वाचून दाखवेल. बाबा, डोळ्याला पट्टी आहे तोवर स्वतः वाचायला घेऊ नका.

कमर्शियल लायसन्स हातात आलं तेव्हा वाटलं, विमान चालवता येतं म्हणजे शिकवताही येईल. पण इन्स्ट्रक्टर बसतो उजवीकडे. इतके दिवस डावा हात योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, आणि उजवा पॉवर कमी-जास्त करतो त्या थ्रॉटलवर होता, आता सगळं उलट. मीटर बहुतेक डावीकडच्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात, ते तिरक्या नजरेने वाचायचे. पहिले कित्येक दिवस माझ्या विमानाचं नाक धावपट्टीला सरळ लागेना. त्यात तोंड चालू ठेवायचं. आपण काय करतोय ते करता करता सांगायचं. हात जे आपोआप करत होते, त्याला शब्द शोधताना माझे हातच चुकायला लागले.

उन्हामुळे पहाटे ५ला विमानापाशी असतो. इथे ४० अंश झाले की हवा इतकी विरळ होते की १,४०० फुटांवरच्या या विमानतळावर विमान महाबळेश्वरच्या उंचीवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी जास्त लागते, चढ मंद होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१पासून, ब्रिटिश हवाई दलाची मुलं याच धावपट्ट्यांवर शिकली. उन्हात चालत जाताना मला ती पोरं आठवतात, घरापासून किती लांब आलेली.

आई, एक गोष्ट तुझ्यापासूनही लपवली होती. इन्स्ट्रक्टर व्हायचं तर स्पिन करावा लागतो. विमान मुद्दाम स्टॉल करायचं, म्हणजे पंख पेलेनासे होतील इतकं नाक वर करायचं, मग ते गिरक्या घेत खाली येतं आणि काचेत फक्त जमीन फिरताना दिसते. त्यातून बाहेर यायला पॉवर कमी, एलरॉन (पंखांवरच्या झडपा) सरळ, गिरकीच्या उलट बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू) पूर्ण, मग योक पुढे. हे भरपूर उंचीवर करतात आणि माझे सगळे नीट झाले. पहिल्या वेळी मात्र देवाचं नाव तोंडात आलं.

दोन्ही लेखी परीक्षा पास झाले. एक तर नुसती शिकवण्यावरच असते. माणूस जे पहिल्यांदा शिकतो तेच घट्ट बसतं, म्हणून पहिल्यांदाच बरोबर शिकवायचं, असं त्यात आहे.

नापास झाले ती प्रत्यक्ष परीक्षा. सकाळचे चार तास तोंडी, फळ्यावर धडा घेऊन. तो चांगला गेला. मग उड्डाण. परीक्षक विद्यार्थ्याचं सोंग घेतात आणि मुद्दाम चुका करतात. उतरताना त्यांनी योक लवकर ओढला. विमान धावपट्टीच्या वर तरंगायला लागलं आणि वेग मरायला लागला. मी सांगत राहिले, 'नाक थोडं खाली, पॉवर द्या.' बरोबरच सांगत होते. पण हात पुढे गेला नाही. शेवटी त्यांनीच पूर्ण पॉवर दिली आणि आम्ही पुन्हा वर गेलो. परीक्षा तिथे संपली.

त्याआधी महिनाभर माझी चूक नेमकी उलटी होती. समोरचा जरा चुकला की मी 'आय हॅव द कंट्रोल्स' म्हणून विमान हिसकावून घ्यायचे. माझे शिक्षक म्हणायचे, त्याला त्याची चूक दिसू दे, तुझा हात मांडीवर ठेव. मी हात मांडीवर ठेवायला शिकले आणि नेमका त्याच दिवशी तो तिथेच राहिला. ६० दिवसांच्या आत परत गेले तर जे पास झालं ते धरतात. राहिलेलं आणि तो भाग शिक्षकांकडून करून, त्यांची सही घेऊन पुन्हा द्यायचं.

त्या रात्री मला मळ्यातली विहीर आठवली. पाठीला डबा बांधून तुम्ही मला पाण्यात सोडलं होतं, बाबा, आणि स्वतः पायरीवर बसला होतात. उन्हाळाभर रोज. मग एक दिवस डबा सोडला. मी नाकातोंडात पाणी घेतलं, ओरडले, काठावरचे काका ओरडले, तुम्ही हलला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी तेवढंच ओरडले आणि तुम्ही कपड्यांसकट उडी टाकलीत. घड्याळही भिजलं होतं. दोन्ही दिवस मला सारखेच वाटले होते. तुम्हाला वाटले नाहीत.

बाबा, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं? हातांकडे बघत होतात की चेहऱ्याकडे? आठवत असेल तर रविवारी फोनवर सांगा. मला ते खरंच हवंय. बुधवारी परत विमानात बसायचंय.

आई, गुडघ्यांना तेल लाव आणि जिना कमी कर. थेंब घालायच्या वेळा दादाने फ्रीजवर लिहिल्या आहेत ना, ते बघ.

तुमची,
मनू